गुपित कोणाचे?

मुलाच्या मनात जे असते ते कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर आपल्याला ठाऊकच आहे असे प्रत्येकाला वाटते. आई म्हणते, माझ्या पोटचा गोळा, त्याचे मन माझ्यापासून वेगळे कसे असेल? बाप म्हणतो, फी मी भरतो. शिक्षक म्हणतात, दिवसाचे सहा तास ते आमच्या हवाली असते. उरले मूल. त्याला विचारावे तर ते "काही नाही" असे म्हणून ताटाकडे बघते. पुण्यातल्या घराघरांतून रोज तिन्हीसांजेला "काय झालं?" आणि "काही नाही" या दोन वाक्यांची जेवढी देवघेव होते, तेवढी मंडईत भाजीचीही होत नसेल.

कसबा पेठेतल्या ज्या वाड्यात मी लहानाची मोठी झाले तिथे गुपित ठेवायला जागाच नव्हती. सोळा बिऱ्हाडे, दोन नळ आणि एक जिना. कोणाच्या मुलाला गणितात किती पडले हे त्याच्या बापाला कळण्याआधी नळावर कळे. यात जाच होता, हे मी नाकारीत नाही. पण एक सोयही होती. जे घरात बोलता येत नसे ते समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंजवळ बोलता येई. काकू गहू निवडीत असत आणि आपण जोत्यावर बसून बोलत असू. त्या मान वर करून बघतही नसत. काकू आपली आई नव्हती, म्हणून तिला रडू येत नसे. आणि बाईही नव्हती, म्हणून प्रगतिपुस्तकावर शेरा पडत नसे. आता वाडे पडले, इमारती उभ्या राहिल्या. बहुतेक मुलांना खोली मिळाली, खोलीला कडी मिळाली. काकू तेवढी गेली.

हा सगळा विचार मी आजवर हौसेखातर करीत होते. पण आता त्याला निकडीचे रूप आले आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील असे सांगितले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक तरी शिकलेला समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत. चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये, अशा या सूचना. न्यायालयाला हे का सांगावे लागले ते उघड आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपवल्याची नोंद आहे, आणि त्यांत सर्वांत अधिक नोंदी आपल्या महाराष्ट्रातल्या. दिवाळीच्या अंकात असा आकडा लिहिताना हात अडखळतो. पण ज्या घरांत हा अंक जातो त्याच घरांत ही मुले राहतात.

तर आमच्या शाळेतही आठवड्यातून दोन दिवस एक समुपदेशक ताई येऊ लागल्या. पहिल्या महिन्यात सारे सुरळीत चालले. दुसऱ्या महिन्यात शिक्षकांच्या खोलीत वाद सुरू झाला. गणिताचे सर म्हणाले, "मुलं या ताईंना काय सांगतात ते वर्गशिक्षकाला कळायला नको? उद्या काही बरंवाईट झालं तर पालक येऊन गळा माझा धरणार." त्यांचे म्हणणे असे की ताईंनी वहीत नोंदी ठेवाव्यात आणि दर शनिवारी ती वही वर्गशिक्षकांना दाखवावी. हे सर काही निर्दय गृहस्थ नव्हेत. दहावीच्या कच्च्या मुलांना ते सकाळी सातला येऊन फुकट शिकवतात. वाद घालायला त्यांच्याइतका चांगला माणूस समोर असला म्हणजे वाद सोपा राहत नाही.

माझा या बाबतीतला अधिकार किती, तेही सांगून टाकते. मी मॅट्रिक, म्हणजे आजच्या भाषेत दहावी पास. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका. मानसशास्त्राचा एकही पेपर मी दिलेला नाही. शिवाय माझा दुसरा उद्योग कादंबऱ्या लिहिण्याचा. म्हणजे दुसऱ्यांची गुपिते थोडी रंगवून बाजारात मांडणे हाच माझा धंदा, असे माझ्या नणंदबाई म्हणतात. तरीही वाचण्याची खोड आहे, आणि या वादानंतर मी जे वाचले त्याने माझीच झोप उडवली.

मानसशास्त्र आपल्या शाळांत आले ते हातात फूटपट्टी घेऊन आले. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सिमाँ यांनी १९०५ साली मुलांच्या बुद्धीची पहिली मोजपट्टी तयार केली. बिनेचा हेतू साधा होता: नेहमीच्या वर्गात ज्यांना झेपत नाही ती मुले ओळखावीत आणि त्यांना जास्त मदत द्यावी. पुढे ती पट्टी अमेरिकेत गेली आणि तिच्यावरून माणसांना कायमचे आकडे चिकटवले जाऊ लागले. आपल्याकडे धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात कानडी आणि मराठी मुलांसाठी बिनेच्या कसोट्यांचे रूपांतर केले. फ्रेंच मुलाला विचारायचा प्रश्न धारवाडच्या पोराला तसाच विचारून चालत नाही, हे ओळखून एकेक प्रश्न घासूनपुसून घेणे, हे काम किती चिकाटीचे असेल! पुण्यात १९६२ साली मानसशास्त्राचे अभ्यासक आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. बुद्धिमान मुले पारखून घ्यावीत आणि त्यांच्या बुद्धीला देशाच्या कामाची दिशा द्यावी, ही त्यामागची कल्पना. प्रबोधिनीच्या संशोधकांनी गिलफर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाचा आराखडा घेऊन मराठीतून कसोट्या रचल्या. बुद्धी म्हणजे एकच एक वस्तू नव्हे, तिला शंभराच्या वर पैलू आहेत, असे हा गिलफर्ड म्हणे. सदाशिव पेठेतल्या कित्येक आयांना मात्र त्यांतला एकच पैलू ठाऊक होता: प्रवेश मिळाला की नाही.

पुढे २०१६ साली सरकारने राज्यातल्या दहावीच्या सगळ्याच मुलांची कल चाचणी घ्यायला सुरुवात केली. काही वर्षे ती चालली. आमच्या एका विद्यार्थ्याचा कल 'गणवेशधारी सेवा' असा निघाला. तो घाबरून मला विचारू लागला, "बाई, म्हणजे अजून शाळेतच राहायचं का?" दुसऱ्या एकाचा 'ललित कला' निघाला. मला आनंद झाला. वडिलांनी त्याला विज्ञान शाखेत घातले.

मोजण्याला मी नावे ठेवीत नाही. चष्म्याचा नंबर काढावाच लागतो. पण मोजलेले कोणाला सांगायचे, हा प्रश्न त्या काळापासूनच शिल्लक आहे. १९६८ साली रोझेन्थाल आणि जेकबसन या दोघांचे एक पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी मुलांची बुद्धिचाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावे दिली: ही मुले या वर्षी चांगली फुलणार आहेत. खरे म्हणजे ती नावे सोडत काढावी तशी काढलेली होती. वर्षअखेरीस पुन्हा चाचणी घेतली तेव्हा पहिली-दुसरीतली ती मुले खरोखरच पुढे गेलेली आढळली. या प्रयोगावर नंतर पुष्कळ टीका झाली, परिणाम सांगितला गेला तेवढा मोठा नसतो असे दिसून आले, आणि ते बरोबरच असेल. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की शिक्षकाला कळलेली गोष्ट त्याच्या डोक्यात गपगुमान पडून राहत नाही. ती त्याच्या नजरेत येते, हाकेत येते, वही परत देताना हातात येते. "याच्या घरी भांडणे चालू आहेत" हे मला कळले, की त्या मुलाच्या चुकलेल्या गणिताकडेही मी वेगळ्या डोळ्यांनी बघणार. कदाचित दयेने बघेन. पण चौदा वर्षांच्या मुलाला दयेची नजर छडीपेक्षा अधिक लागते, हे ज्याने चौदा वर्षांचे मूल पाहिले आहे त्याला सांगायला नको.

अलीकडे मात्र संशोधकांनी फूटपट्टी बाजूला ठेवून दुसराच प्रश्न हाती घेतला आहे: मूल किती हुशार आहे, हा नव्हे, मूल कसे आहे, हा. आणि या प्रश्नाच्या मागे लागता लागता त्यांना जे सापडले ते शिक्षकांनी बसून वाचण्यासारखे आहे. उभ्याने वाचवत नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगत' नावाची संस्था आहे; डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९६ साली स्थापन केली. या संस्थेच्या सचिन शिंदे आदी संशोधकांनी बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत एक मोठा प्रयोग केला. शाळांचे तीन गट पाडले. एका गटात सरकारचा नेहमीचा कार्यक्रम तेवढा चालू राहिला. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला एक नवा कार्यक्रम आला, आणि तो चालविण्यासाठी त्याच शाळेतला एक शिक्षक प्रशिक्षण देऊन तयार केला. तिसऱ्या गटात तोच कार्यक्रम, पण चालवायला बाहेरून एक माणूस नेमला. मानसशास्त्राच्या मोठ्या पदव्या नसलेला, साधारण शिकलेला, याच कामासाठी तयार केलेला. कार्यक्रमात अद्भुत असे काही नव्हते. प्रार्थनेच्या वेळी चार गोष्टी बोलायच्या, भिंतीवर हस्तलिखित मासिक लावायचे, मुलांना मनातले लिहून टाकता येईल अशी एक पेटी ठेवायची, आणि ज्याला बोलायचे असेल त्याच्याशी एकट्याने बोलायचे. नववीच्या मुलांची आधी आणि नंतर पाहणी केली. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. बाहेरचा माणूस ज्या शाळांत होता तिथे मुलांना शाळा अधिक आपली वाटू लागली होती, उदासीनतेची लक्षणे उतरली होती, दांडगाई आणि मारामाऱ्या कमी झाल्या होत्या. शिक्षकाने चालविलेल्या शाळांत मात्र फरक पडला नव्हता. काही न केलेल्या शाळांसारख्याच त्या राहिल्या होत्या.

कार्यक्रम तोच, पेटी तीच, भिंतही तीच.

हे वाचून मला प्रथम राग आला. बिहारमधले शिक्षक कामाने पिचलेले असतील, एकेका वर्गात मुले कोंबलेली असतील, जनगणना आणि निवडणुका त्यांच्याच डोक्यावर असतील, असे मी मनाशी म्हटले. आणि यातले बरेचसे खरेही असणार. पण नंतर दुसरा एक प्रयोग वाचनात आला, तो तर युरोपातला. युरोपीय संघातल्या दहा देशांत, १६८ शाळांत, अकरा हजारांवर विद्यार्थ्यांवर तो केला गेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथे तीन उपाय तपासून पाहिले. एकात शिक्षकांना शिकवले, की कोणते मूल धोक्यात आहे ते कसे ओळखावे आणि त्याला कसे विचारावे. दुसऱ्यात प्रश्नावल्या भरून घेऊन तज्ज्ञांनी अशी मुले हुडकून काढली. तिसऱ्यात मुलांनाच एकत्र बसवून, छोटी नाट्ये करायला लावून, आपापसांत बोलू दिले. काही आठवड्यांत मिळून पाचएक तास. वर्षानंतर पाहिले तर जिवावर उठण्याचे प्रयत्न या तिसऱ्या गटात, काही विशेष न केलेल्या गटाच्या मानाने, निम्म्याच्या आसपास आले होते. पहिल्या दोहोंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आपल्या पुण्यातल्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने, डॉ. सौमित्र पठारे यांच्या पुढाकाराने, याच तिसऱ्या पद्धतीवर आधारलेला कार्यक्रम गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या शाळांत नेला. म्हणजे ही काही नुसती साहेबाच्या देशातली नवलकथा नव्हे.

युरोपातल्या शिक्षकाला पगार वेळेवर मिळतो, त्याच्या वर्गात पंचवीस मुले असतात. तरी तोही तिथेच थांबला. तेव्हा दोष शिक्षकाच्या प्रेमात नाही, ज्ञानातही नाही. मग कशात? संशोधक आपल्या परीने कारणे देतात; मी माझ्यापुरते सांगते. शिक्षकाच्या हातात पेन आहे. तो कितीही मायेने बोलला तरी मार्चमध्ये उत्तरपत्रिका तोच तपासणार, हे मुलाला ठाऊक असते. आणि ज्याच्या हातात आपला निकाल आहे त्याच्यापुढे कोणीही आपली खरी अवस्था उघडी करीत नाही. मोठी माणसे तरी कुठे करतात? साहेबाने आपुलकीने "कसं काय?" म्हणून विचारले तर आपण "उत्तम" असेच म्हणतो ना?

यावर कोणीही मराठी माणूस एक नाव पुढे करील: साने गुरुजी. आणि ते करावेच. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात ते शिक्षक होते, छात्रालय सांभाळीत होते. मुलांची अंथरुणे आवरणारा, आजारी मुलाच्या उशाशी बसणारा असा शिक्षक महाराष्ट्राने पुन्हा क्वचितच पाहिला. त्यांच्या हातातही पेन होते. तरी मुले त्यांच्यापाशी बोलत होती. मग माझा सिद्धान्त कोसळला का? मला तसे वाटत नाही. एका माणसाच्या हृदयाच्या बळावर जे साधले त्याची अपेक्षा हजारो शाळांतल्या लाखो शिक्षकांकडून करणे हा शिक्षकांवर अन्याय आहे, आणि गुरुजींवरही. इतक्यांचे दुःख वाहणारा तो माणूस स्वतःचे दुःख कोणापाशी ठेवीत असेल, हे आपण कधी नीट विचारले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. 'श्यामची आई' वाचून रडलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट आजही मोठ्याने बोलवत नाही.

माझ्या वर्गाची गंमत सांगते. चित्रकलेच्या तासाला मुले बोलतात. का, ते मला पुष्कळ वर्षे उमगत नव्हते. माझा स्वभाव फार गोड आहे असे मी धरून चालले होते. खरे कारण निराळे आहे. चित्रकलेच्या गुणांना घरी कोणी विचारीत नाही. शिवाय सगळ्यांचे डोळे कागदावर आणि हात रंगात. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. काकूंच्या गव्हासारखेच. मान खाली घालून आकाशाला निळा रंग देता देता मुलगी सहज बोलून जाते, "बाई, आमचे बाबा आता आमच्याकडे राहत नाहीत." मी म्हणते, "पाणी बदल, गढूळ झालंय." ती पाणी बदलून आणते आणि पुढचे बोलते. आता इंटरमिजिएटच्या परीक्षेला दहावीचे वाढीव गुण जोडले आहेत. चित्रकलेला मान मिळाला याचा मला आनंद आहे. पण त्या परीक्षेला बसणारी मुले सराव-वर्गात गप्प झाली आहेत, हेही मी पाहते आहे.

यातून जी अडचण उभी राहते ती मला स्वतःला सोसावी लागली. ही हकीकत मी त्या मुलीला विचारून आणि ओळख पटणार नाही इतकी बदलून लिहिते आहे. नववीतली मुलगी. वडील रिक्षा चालवतात. त्यांनी हप्त्याहप्त्याने पैसे भरून तिला एका खाजगी वर्गात घातले होते. एक दिवस रंग धुता धुता ती मला म्हणाली, "बाई, मी क्लासला जातच नाही. नदीकाठी पायऱ्यांवर बसते आणि आठ वाजले की घरी जाते. तिथे सगळ्यांसमोर मार्क वाचतात. कोणाला सांगू नका." दोन महिने हे चालले होते.

त्याच आठवड्यात मंडईत तिचे वडील भेटले. रिक्षा बाजूला घेऊन ते खाली उतरले. म्हणाले, "बाई, पोरगी हल्ली घरात बोलत नाही. तुमच्याशी बोलते का हो?"

मी म्हटले, "बोलते. चांगलं बोलते."

"काय बोलते?"

"ते तीच सांगेल तुम्हाला. थोडा धीर धरा."

ते गेले. दुसऱ्या दिवशी मी मुलीला सांगितले की तुझे वडील विचारीत होते. आणि तू संध्याकाळी एकटी नदीकाठी बसतेस, हे मला फार दिवस पोटात ठेवता येणार नाही. तू सांग, मी बरोबर येते. किंवा मी सांगते, तू बरोबर ये. कसे सांगायचे ते तू ठरव, आठ दिवसांत ठरव, आणि तोवर पायऱ्यांवर न बसता माझ्या खोलीत येऊन बस. सहाव्या दिवशी तिने घरी स्वतःच सांगितले. मुलीला ते रागावले नाहीत. माझ्यावर रागावले. शाळेत येऊन म्हणाले, "मी तुम्हाला भर रस्त्यात विचारलं. तुम्हाला ठाऊक होतं. माझी पोरगी अंधारात नदीवर बसत होती आणि तुम्ही मला धीर धरायला सांगितलंत." यावर मी काय बोलणार? त्यांचा एकेक शब्द खरा होता. रात्री अकरापर्यंत रिक्षा फिरवून ते हप्ते भरीत होते. त्यांचा हक्क माझ्याहून मोठा होता. तरीही मंडईत तोच प्रश्न पुन्हा आला तर मी तेच उत्तर देईन. कारण त्या संध्याकाळी मी तोंड उघडले असते, तर तिने पुन्हा कोणापुढेही तोंड उघडले नसते, अशी माझी समजूत आहे. समजूतच, पुरावा माझ्यापाशी नाही. ते गृहस्थ अजून मला रस्त्यात नमस्कार करीत नाहीत, आणि मला त्याचे वाईट वाटते.

म्हणूनच "कोणाला सांगणार नाही" असे वचन मी आता कोणत्याही मुलाला देत नाही. "तुला सांगितल्यावाचून दुसऱ्याला सांगणार नाही" एवढेच देते. काही गोष्टी झाकता येतच नाहीत, आणि झाकू नयेत. मुलावर कोणी लैंगिक अत्याचार केल्याचे कळले तर २०१२च्या कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिथे गुपिताचा प्रश्नच उरत नाही. मूल जिवाचे काही बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले तर तिथेही नाही. तिथे तडक घरच्यांना आणि डॉक्टरांना गाठायचे. रात्री-अपरात्री कोणीच सुचले नाही तर सरकारचा टेलिमानसचा १४४१६ हा फोन आहे. तो २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि मराठीतूनही बोलतो. पण अशा गोष्टी थोड्या. बाकीच्या शंभरांत नव्वद गोष्टी नदीकाठच्या पायऱ्यांसारख्या असतात: आईबापांना कळायला हव्यात, पण मुलाच्या तोंडून.

गणिताच्या सरांना मी हे सगळे प्रयोग वाचून दाखवले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही फक्त गणितच शिकवायचं?" त्यांच्या आवाजात इतके दुखावलेपण होते की मला काही सुचेना. मी म्हटले, "न्यायालयाने सांगितलंय ते तर आपल्याच हातात आहे ना! पाणउतारा न करणं, मार्क मोठ्याने न वाचणं." ते म्हणाले, "मी वाचत नाही." ते खरोखरच वाचीत नाहीत. नालंदातल्या शिक्षकांतही असे पुष्कळ असतील, आणि त्यांनाही तो निष्कर्ष वाचून असेच वाटले असेल. निष्कर्ष खरा असला म्हणून तो ज्याच्याविषयी आहे त्याला लागत नाही असे थोडेच आहे?

वही दाखवायची नाही, असा निकाल मोठ्या बाईंनी दिला. ताईंची खोली त्यांच्या कार्यालयाशेजारी होती, काचेच्या दाराची. तिथे जाणारे मूल साऱ्या शाळेला दिसे, म्हणून कोणी जात नसे. ती आता जिन्याखाली, माझ्या रंगांच्या कपाटापलीकडे हलवली आहे. "बाईंकडून ब्रश आणतो" असे सांगून मुलांना तिकडे जाता येते. पिण्याच्या पाण्याच्या नळांपाशी एक पत्र्याची पेटी बसवली. किल्ली एकच, ती ताईंकडे. पहिल्या शनिवारी पेटी उघडली तेव्हा आम्ही सगळे शिक्षक काही ना काही निमित्ताने नळावर पाणी प्यायला आलो होतो. ताई एकेक चिठ्ठी काढून वाचीत होत्या. मधली सुट्टी वाढवा. सातवी 'ब'चा पंखा आवाज करतो. चित्रकलेचा तास आठवड्यातून दोनदा ठेवा (अक्षर माझ्या ओळखीचे होते, मी बोलले नाही). एक चिठ्ठी आठ घड्या घालून अगदी लहान केलेली होती. ती त्यांनी उलगडली, वाचली आणि पर्समध्ये ठेवली.

"काय होतं हो तिच्यात?" गणिताच्या सरांनी विचारले.

"चिठ्ठी होती, सर," ताई म्हणाल्या, आणि पेटीला कुलूप लावू लागल्या. सर थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग त्यांनी गळका नळ नीट बंद केला आणि तासाला गेले.